हिरव्या कोटातली पाठमोरी

सोमवार, ४

चित्रांना खोळी शिवायच्या आहेत म्हणे! उशांना शिवल्या, गाद्यांना शिवल्या, एकदा एका बाईंच्या पोपटाच्या पिंजऱ्यालाही शिवली, पण चित्रांना खोळ शिवायचा योग आजवर आला नव्हता. सकाळी चहा पिता पिता नवरोबांनी जाहीर केलं की प्रदर्शन ठरलं. तेवीस तारखेला उद्घाटन. नदीपलीकडच्या गॅलरीवाल्या बाईंनी सगळी भिंत दिली आहे. चित्रं न्यायची तर कोपरे घासतात, म्हणून जाड कापडाच्या, आतून मऊ अस्तराच्या खोळी हव्यात. "तुझ्याशिवाय कोण शिवणार?" असं म्हणाला. एवढं गोड बोलला म्हणजे शिलाई मिळणार नाही हे आलंच.

चित्रं कशाची, तर बारची. कोपऱ्यावरच्या त्या बारमध्ये हा किती वर्षं संध्याकाळी जाऊन बसतो. पितो एखादा ग्लास, बघतो जास्त. तिथे बसून एक रेघ मारत नाही. म्हणतो, कागद काढला की माणसं फोटोला बसल्यासारखी ताठ होतात. दुसऱ्या दिवशी छापखान्यामागच्या खोलीत जातो आणि आठवून रंगवतो. ती खोली घेतल्यापासून घरात टर्पेंटाइनचा वास नाही, हे एक बरं झालं. मी त्या खोलीत कधी गेले नाही. बारमध्ये तर नाहीच नाही.

ही डायरी कापडवाल्यानं दिलेली. दरवर्षी देतो, मी दरवर्षी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहिते. यंदा ताई म्हणाली, "मनातलं कुणापाशी बोलत नाहीस, निदान लिही तरी. नाहीतर एक दिवस फुगलेल्या दुधासारखी उतू जाशील." ताईचं आणखीही एक म्हणणं आहे. तिच्या घराची पुढची खोली रिकामी आहे, रस्त्यावर आहे, दुकान छान चालेल. "तिथे तुझं काय उरलंय? दोन माणसं एका घरात राहता आणि बोलता ते मिठा-साखरेपुरतं." मी विचार करते म्हणाले. गेले सहा महिने विचारच करते आहे.

बुधवार, ६

आज टेप घेऊन छापखान्यामागे गेले. हा दारातच उभा होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. मला वाटलं गॅलरीवाल्या बाई यायच्या असतील. म्हटलं, "कोण येणार आहे?" तर म्हणाला, "तू."

चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. खोटं कशाला लिहू? चांगली आहेत. फार चांगली आहेत. पिवळा मंद उजेड, त्यात ती माणसं. एक टोपीवाला म्हातारा टेबलावर कोपर ठेवून झोपलाय, टोपी मात्र तसूभर ढळलेली नाही. त्याला सगळे कप्तान म्हणतात, आयुष्यभर बस चालवली म्हणे. दातांचे डॉक्टर आहेत एक, ते तोंड मिटून हसतात. का, तर स्वतःचेच दात वाकडे! ग्लास पुसणारा मालक आहे. त्याच्या हातातलं फडकं इतकं खरं उतरलंय की धुवायला घ्यावंसं वाटलं. ही माणसं मी कधी बघितलेली नाहीत, आणि बघता बघता माझी कुणीतरी वाटायला लागली. इतकी वर्षं याच्या संध्याकाळी अशा पिवळ्या होत्या तर!

आणि मग ती दिसली.

तिसऱ्या चित्रात. हिरवा कोट, पाठमोरी, खुर्चीवर बसलेली. चौथ्यात पुन्हा तीच. पाचव्यात काउंटरपाशी उभी, पाठमोरी. मी एकेक करून सगळी बघितली. जिथे कप्तान नाही तिथेही ती आहे. जिथे डॉक्टर नाहीत तिथेही आहे. कुठे मोठी, कुठे कोपऱ्यात नखाएवढी. चेहरा एकातही नाही.

हा माझ्याकडे बघत होता. चित्रांकडे नाही, माझ्याकडे. विचारतो, "काय वाटतं?"

"मापं घेतली," मी म्हटलं. "शनिवारपर्यंत पहिल्या चार देते."

तो धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवायला लागला.

माझं आयुष्य लोकांच्या पाठी बघण्यात गेलंय. गिऱ्हाईक आरशात स्वतःचं तोंड बघतं, मी मागे उभी राहून त्याची पाठ बघते. रस्त्यात पुढे चालणारी बाई मी पाठीवरून ओळखते. तेव्हा या बाईचीही कुंडली मांडता येतेच. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला, अर्धा इंच तरी. मानेखाली किंचित पोक. चाळिशी कधीच उलटलेली, तरुण तर मुळीच नाही. उजव्या पायाची टाच उचललेली, जणू बाईसाहेबांना आत्ता उठून कुठेतरी जायचंय. अशी बाई कष्टाची असते, नाहीतर चिडकी असते. दोन्हीही असू शकते. यात बघण्यासारखं त्याला काय सापडलं देव जाणे! एखादी ताठ, उंच, गोरीघारी असती तर निदान समजून तरी घेतलं असतं.

खांदा फार दुखतोय. उजवाच. मलम चोळून घेतलं.

शुक्रवार, ८

दोन खोळी झाल्या. तिसरी चुकली, उसवली. मशीन चालू असताना डोळ्यांपुढे हिरवा कोटच.

आणि आज दुपारी एकदम लक्षात आलं. तो कोट मी ओळखते! कॉलर मागून थोडी उंच, खांद्याची शिवण पुढे सरकवलेली. बघताक्षणीच मनात आलं होतं की शिवणारी बाई हुशार दिसते. अगं, शिवणारी बाई मीच! गाणं शिकवणाऱ्या बाईंना शिवून दिला होता, बरीच वर्षं झाली. तेच कापड, बाटलीच्या काचेसारखं गडद हिरवं. तेव्हा त्या कापडावर माझाही जीव जडला होता, पण आपल्याला कुठे मिरवायचंय म्हणून स्वतःसाठी घेतलं नाही.

म्हणजे गाण्याच्या बाई! गळा गोड, बोलणं गोड. आणि माझ्याच हातचा कोट घालून! याला म्हणतात खाल्ल्या घरचे वासे मोजणं.

मंगळवार, १२

गाण्याच्या बाईंना निरोप धाडला की मागच्या झग्याची किनार मी फुकट दुरुस्त करून देईन. फुकट म्हटल्यावर आल्या. स्टुलावर उभं केलं, किनारीचं निमित्त करून टेप सरळ खांद्यावरच टाकला.

दोन्ही खांदे एका रेषेत. पाठ अशी सरळ की पट्टी ठेवावी. दम साठवायची सवय ना, छाती पुढे, मान वर. पोक औषधालाही नाही. मी तीनदा मोजलं. बाई म्हणाल्या, "किनार खाली आहे ना हो?"

मग कोटाचा विषय काढला. म्हणाल्या, "तो कधीच भाचीला दिला. मला मेला मानेत टोचायचा. खरं सांगू का, तयार झाल्यावर तो तुम्ही स्वतः घालून मला दाखवला होतात, आठवतं? त्या खिडकीपाशी उभ्या राहून. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की हा कोट यांनाच शोभतोय. तुमचे मिस्टर पण तिथेच जेवत बसले होते, घास हातातच राहिला होता त्यांचा."

गिऱ्हाइकांना फुकटात काम झालं की असं गोड बोलायची सवयच असते. मला तर काही आठवत नाही. कोट मी सगळेच घालून बघते, खांदा बसलाय का ते कळतं.

तर गाण्याच्या बाई निर्दोष. जरा वाईटच वाटलं. चोर सापडला की निदान झोप तरी लागते.

गुरुवार, १४

आज लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी हा निघाला तेव्हा माझ्या मागे दारात थांबला. माझं दुकान म्हणजे घरातलीच एक खोली, तिथे माझं पायमशीन भिंतीकडे तोंड करून आहे, उजेड डावीकडच्या खिडकीतून यावा म्हणून, आणि दार पाठीशी. पण कोण किती वेळ थांबलंय हे मला पाठीला कळतं. पूर्वी तो रोज असाच थांबायचा आणि विचारायचा, "येतेस?" मी म्हणायचे, "आणि हे कोण करणार?" त्यासाठी पाय थांबवायचीही गरज पडायची नाही, टीप चालूच. अशी किती वर्षं गेली. मग कधीतरी त्यानं विचारणं सोडलं. कधी सोडलं ते कळलंही नाही. एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही.

आज वाटलं, विचारेल. मी मुद्दाम पाय थांबवला. मशीन बंद, खोली शांत. विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. पण विचारायला काय हरकत होती?

दार लोटल्याचा आवाज आला. मग मी पुन्हा टीप घातली. वाकडी गेली.

शनिवार, १६

आज मी बारमध्ये जाऊन आले. हे वाक्य लिहिताना माझंच मला हसू येतंय.

दुपारी गेले, गर्दी नसते तेव्हा. पडद्यांचं काम मिळतंय का विचारायला आले असं सांगितलं. आत कुणी नव्हतं, फक्त मालक, आणि त्याच्या हातात तेच ते फडकं. चित्रातल्यापेक्षा जास्त मळकं. मी कोण ते सांगितलं नाही. तो पडद्यांबद्दल "बघू, सांगतो" असं तोंडदेखलं बोलत होता, ग्लास पुसायचं थांबवलंही नाही.

टेबल मी लगेच ओळखलं. भोवती चार खुर्च्या, आणि एक खुर्ची टेबलावर उलटी टेकवलेली, म्हणजे कुणी बसू नये म्हणून. सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही मोडलीय का?"

"नाही हो. ती राखून ठेवलेली आहे. एक चित्रकार येतात आमच्याकडे, त्यांच्या माणसासाठी. कुणाला बसू देत नाहीत. नवीन कुणी चुकून बसलं तर कप्तान उठवतात."

"रोज येतं का ते माणूस?"

मालक हसला. "येतं म्हणा की. रोज त्यांचाच विषय. आज त्या काय म्हणाल्या, आज कुणावर चिडल्या, आज कुणाचा झगा फाडून पुन्हा शिवला. आम्हाला सगळ्यांना त्या पाठ झाल्यात."

मला पुढचं ऐकवेना. झगा फाडून शिवला म्हणजे तीही शिवणारीच! म्हणजे माझ्याच धंद्यातली गाठली त्यानं. "बरं, येते," म्हणून वळले आणि दाराकडे निघाले. मागे ग्लास पुसायचा आवाज बंद झाला. "अहो," मालक म्हणाला, "अहो, थांबा थांबा," आणि काउंटरमागून धावतच पुढे आला, माझ्या आधी दाराशी पोचला, दार उघडून धरलं. "चहा तरी घ्या. बसा ना. तिथे बसा, त्या खुर्चीवर." चेहरा एकदम बदललेला, डोळे पाणावल्यासारखे. बारमध्ये बायामाणसांना इतका मान देतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्या खुर्चीवर? मी? मेले तरी बसणार नाही. थांबले नाही.

रविवार, १७

ताईला फोन करून सांगितलं, येते. तेवीस तारखेला उद्घाटन, त्याच संध्याकाळी आठची बस.

ताई म्हणाली, "आत्ताच का येत नाहीस?"

"खोळी द्यायच्यात. आणि मला तिला बघायचंय. उद्घाटनाला ती येणारच. एकदा समोरून बघते आणि निघते."

"बघून काय करणार आहेस?"

ते मला माहीत नाही. भांडणार नाही. खरं म्हणजे विचारायचंय तिला, की तो बोलतो का तुझ्याशी? काय बोलतो? माझ्याशी लग्नाच्या पहिल्या वर्षी फार बोलायचा. मी काज करत असले की शेजारी बसून रंगांबद्दल सांगायचा, की सावली काळी नसते, निळी असते. मी म्हणायचे, आमच्या धंद्यात काळी ती काळीच. मग हसायचा. ते हसणं ती ऐकत असणार रोज.

ताई मग म्हणाली, "खोली झाडून ठेवते."

बुधवार, २०

शेवटच्या खोळी आज नेऊन दिल्या. एकेका चित्राला घालून बघितल्या, बरोबर बसल्या. सगळ्यात मोठ्या चित्राला घालताना ती माझ्या नाकासमोरच आली. तिच्या तोंडावर म्हणजे पाठीवर खोळ ओढायची आणि गप्प बसायचं? माझ्यानं राहवलं नाही.

"ही कोण?"

"कोण?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. हिरव्या कोटातली."

त्यानं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाला, "तू ओळखलं नाहीस?"

"मी कशाला ओळखू?"

"तू? पाठी ओळखणारी तू?"

"मला ओळखायचीच नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे," म्हणाला, आणि राहिलेली खोळ स्वतःच चढवली. सरळ ओढायची सोडून तिरकी ओढली, शिवण ताणली. तोंड असं झालं होतं त्याचं की जणू त्यालाच कुणी फसवलंय. चोराच्या उलट्या बोंबा!

म्हणजे माझ्या ओळखीतलीच आहे. रात्रभर एकेकीची पाठ आठवून बघितली. एकही जुळत नाही.

बॅग भरली. मोठी कात्री घेतली, तीनही टेप घेतले. मशीन ताई मागाहून मागवेल.

रविवार, २४, सकाळ

कुठून सुरुवात करू?

काल पाच वाजता गॅलरीत पोचले. बॅग दुकानात ठेवलेली, तिथूनच बस धरायची. मी दारासमोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले, येणारी प्रत्येक बाई दिसावी म्हणून. बायका आल्या, आत गेल्या, वळल्या, की मी पाठ बघायची. रुंद, अरुंद, सरळ, एक तर चक्क मीच माप चुकवलेल्या झग्यातली. पण तो उतरलेला खांदा काही येईना. गॅलरीवाल्या बाई दोनदा येऊन म्हणाल्या, "आत चला ना, इथे काय उभ्या राहता?" मी म्हटलं, "इथेच बरं वाटतं."

हा दुसऱ्या टोकाला. हातात पाण्याचा ग्लास, लोक काहीबाही विचारतायत, हा मान हलवतोय. मधूनच माझ्याकडे बघायचा.

मग बारची मंडळी आली. इस्त्रीचे शर्ट घालून, लाजत लाजत, नापास झालेली मुलं बक्षीस समारंभाला यावीत तशी. कप्तान टोपीसकट. डॉक्टर स्वतःच्या चित्रापुढे उभे राहून तोंड मिटून हसले, आणि मग विसरले आणि खळखळून हसले. दात वाकडे आहेत हे खरंच आहे. कप्तान म्हणाले, "मी असा झोपतो? मला सांगायचं तरी कुणी!" लोक त्यांच्याभोवती जमले. खोली त्या पिवळ्या उजेडासारखी ऊबदार झाली. मी भिंतीला चिकटलेली, एकटी. त्यांच्यात जाऊन उभं राहावं असं मला फार वाटलं. इतकं वाटलं की स्वतःचाच राग आला.

सात वाजले. ती आली नाही.

मला बससाठी निघायचं होतं. जाण्याआधी तिला एकदा नीट बघून घ्यावं म्हटलं, माणूस नाही तर निदान चित्र. भिंत सोडली, गर्दीतून वाट काढत सगळ्यात मोठ्या चित्रापुढे जाऊन उभी राहिले. काउंटरपाशी ती, पाठमोरी, आणि सगळा बार तिच्या पलीकडे.

आणि मागचा गलका हळूहळू थांबला. आधी कप्तानांचा आवाज गेला, मग डॉक्टरांचं हसणं. मग सगळ्यांचंच. माझा हात पहिल्यांदा पाठीवर गेला. म्हटलं, शिवण उसवली! शिंपिणीची शिवण उसवली आणि भर गॅलरीत! चाचपून बघितलं, सगळं जागेवर.

"वहिनी," मागून बारमालक म्हणाला, "त्या दिवशी थांबला नाहीत."

मी वळायच्या आधी खाली बघितलं, का ते माहीत नाही. लाजेनं असेल. माझ्या उजव्या पायाची टाच उचललेली होती. पायमशीन चालवून चालवून ती आपोआप उचलली जाते, मी उभी असले तरी. समोर चित्रात तिचीही टाच उचललेली. मी माझी खाली टेकवली. तिची तशीच राहिली.

मग उजव्या खांद्यावर हात ठेवून बघितला. अर्धा इंच. जास्तच असेल.

कप्तानांनी टोपी काढली होती. खाली टक्कल आहे, ते कुठल्याच चित्रात नाही. "खुर्ची आणू का?" ते म्हणाले. कुणी हसलं नाही. मी धावत जाऊन गॅलरीच्या न्हाणीघरात कडी लावली आणि रडले. इतकी रडले की गॅलरीवाल्या बाई दार वाजवून विचारायला लागल्या, डॉक्टरांना बोलावू का? मी म्हटलं, "दातांच्या?"

बाहेर आले तर हा उभा. बाकीचे लांब सरकून चित्रं बघतायत असं दाखवत होते.

"मी अशी पोक काढून बसते?"

"हो."

"इतकी?"

"थोडी कमीच काढलीय."

"आणि कोट?"

"एकदा घातला होतास. खिडकीपाशी."

"माझा नव्हता तो."

"मला काय माहीत कुणाचा होता? तू घातला होतास."

मी विचारलं, "तोंड का नाही काढलंस?" आणि विचारतानाच कळलं की विचारायला नको होतं.

तो म्हणाला, "मी आठवून काढतो ना. निघताना दारातून जे दिसायचं तेच घेऊन जायचो. तू येत नव्हतीस, मग जेवढी दिसायचीस तेवढी न्यायचो. एखाद दिवशी नुसती मान वळवून 'नाही' म्हणाली असतीस, तर चेहराही मिळाला असता." मग म्हणाला, "तसा चेहरा ठाऊक आहे मला. पण तो तू वळवतेस ते भांडायला. तो बारमध्ये न्यायचा नव्हता."

"आणि विचारायचं का सोडलंस?"

"चित्रं सुरू झाली. तू तिथे बसायला लागलीस. मग विचारायचं राहून गेलं."

लोकांना वाटलं असेल की आता दोघं एकमेकांच्या गळ्यात पडणार. मला एवढा राग आला होता की काय सांगू! म्हणजे हा रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बसत होता. माझ्यासाठी खुर्ची राखत होता, माझ्या गोष्टी सांगून चार माणसांना हसवत होता. आणि मी? मी इथे भिंतीकडे तोंड करून एकटी. त्याला सोबत होती, मला नव्हती. हे मी त्याला सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. त्यानं हातातला ग्लास मला दिला. मी पाणी प्यायले.

बस गेली. मी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही, नंतर कळलं.

शनिवार, ३०

ताईला फोन केला तेव्हा ती आधी चिडली, खोली झाडली होती, पडदे धुतले होते. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तू म्हणे पाठी ओळखतेस!" मग विचारलं, "मग आता बरं आहे ना सगळं?"

बरं आहे असं कसं म्हणू? इतक्या वर्षांचं काय एका संध्याकाळी भरून निघतं? मंगळवारी त्या बारमध्ये जाऊन बसले, त्या खुर्चीवर. इतका कंटाळवाणा प्रकार मी जन्मात बघितला नाही. कप्तान तीच गोष्ट दोनदा सांगतात आणि झोपतात. डॉक्टर मला आधीपासून ओळखल्यासारखे बोलतात, "तुम्ही नाही का त्या सावकारणीचा झगा..." मी म्हणजे त्यांच्या लेखी ती आहे, हिरव्या कोटातली, हजरजबाबी, रोज येणारी. माझ्याकडे ते जरा निराश होऊनच बघत होते. मीही तिचा हेवा करते, अजून करते. तिला जे मिळालं ते मला परत मिळणार नाही. पण गुरुवारी पुन्हा गेले.

आणि सकाळी छापखान्यामागच्या खोलीत जाते. हा माझा चेहरा काढायला बसलाय. चार दिवस झाले, येत नाहीये. रोज रंग लावतो, दुपारी खरवडून टाकतो. काल नाक जमलं होतं, आज तेही गेलं. लग्नाचे दोन झगे दुकानात तसेच पडलेत, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. पडू देत.

आज त्यानं ब्रश टाकला. म्हणाला, "तू समोर असलीस की मला जमत नाही. तू बघतेस ना. तू आपली दुकानात जा, मी आठवून बघतो."

"आठवण्याइतकं बघ तरी आधी," मी म्हटलं.

तो मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसला, हात मांडीवर ठेवून, आणि बघायला लागला. त्याचे डोळे असे करडे झालेत हे मला माहीत नव्हतं. मला फार अवघडल्यासारखं होत होतं, मान वळवावी असं शंभरदा वाटलं. वळवली नाही.